शिकाऊ उमेदवार कोणाच्या हाताखाली?

कौशल्यशिक्षणाच्या गाजावाजात २०२३-२४च्या आर्थिक पाहणीतला एक आकडा सहज नजरेआड होतो. १५ ते २९ वयोगटातल्या जेमतेम ४.४ टक्के तरुणांनी औपचारिक व्यावसायिक प्रशिक्षण घेतलंय. त्याच्या जवळपास चौपट, १६.६ टक्के, अनौपचारिकपणे शिकलेत. म्हणजे गॅरेजात, घरच्या धंद्यात, मिस्त्रीच्या हाताखाली. कसब आजही कामाच्या जागीच येतं, आणि आपली धोरणं मात्र अभ्यासक्रम घडवण्यात गुंतलेली. कोठारी आयोगाने १९६६मध्ये सुचवलेला कार्यानुभव बहुतेक शाळांत प्रगतिपुस्तकातला रकाना होऊन राहिला. २०२०च्या शैक्षणिक धोरणाने २०२५पर्यंत निम्म्या विद्यार्थ्यांना व्यवसायशिक्षणाची ओळख करून द्यायचं ठरवलं. पण ओळख झाली म्हणून लेथवर हात बसत नाही.

तो बसवायचा तर मालकाला शिक्षक व्हावं लागेल. जर्मनीत शिकाऊ उमेदवार आठवड्याचे तीन-चार दिवस कंपनीत आणि उरलेले व्यवसायशाळेत असतो. विद्यावेतन कंपनी देते. आपल्याकडेही १९६१पासून शिकाऊ उमेदवार कायदा आहे. तीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांनी मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के उमेदवार घेणं सक्तीचं आहे. २०१४च्या दुरुस्तीने कायदा मोडणाऱ्या मालकाची कैद काढून दंड तेवढा ठेवला. उद्योजक म्हणतात, शिकवायचं आम्ही आणि तयार माणूस पळवायचा शेजाऱ्याने. तक्रार खरी आहे, विशेषतः लहान कारखानदाराची. जर्मनीतही माणसं कंपनी सोडतात. पण तिथे बऱ्याच कंपन्या शिकवत असल्याने गेलेल्याच्या जागी दुसरीकडे शिकलेला मिळू शकतो. महाराष्ट्राच्या २०२४च्या युवा कार्यप्रशिक्षण योजनेत दरमहा सहा ते दहा हजारांचं विद्यावेतन सरकारी तिजोरीतून जातं. बेकाराला आधार म्हणून ते ठीक. मात्र ज्याचा पैसा गुंतलेला नाही, तो मालक शिकवण्यासाठी वेळ कशाला घालवेल?

याहून गंभीर आक्षेप जातीचा आहे, आणि तो उडवून लावता येत नाही. १९५३मध्ये मद्रास राज्यात मुख्यमंत्री राजाजींनी मुलांना अर्धा वेळ शाळा आणि उरलेल्या वेळात घरचा व्यवसाय अशी योजना आणली. कुंभाराच्या पोराने कुंभारच व्हायचं काय, म्हणून लोक उसळले. पुढच्याच वर्षी ती गुंडाळावी लागली. गरिबाच्या मुलाला पाना आणि बाकीच्यांना पुस्तक अशी वाटणी झाली, तर विरोध व्हायलाच हवा. पण पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३मध्ये सुरू केलेल्या विज्ञान आश्रमाच्या शालेय अभ्यासक्रमात ही वाटणीच नाही. वेल्डिंग, शेती, वीज, स्वयंपाक हे सगळं वर्गातल्या सगळ्यांना, मुलींनाही, नेहमीच्या विषयांच्या जोडीने करावं लागतं.