सनद कोण काढू शकते?

भद्रावतीतल्या वकिलाची सनद महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलची. स्थानिक वकील संघाने सभासदत्व काढले तरी काळा कोट अंगावर राहतो. सनद रद्द होते ती १९६१च्या अधिवक्ता कायद्याच्या कलम ३५खाली, कौन्सिलच्या शिस्तपालन समितीकडून, बाजू ऐकूनच.

‘अमक्याचे वकीलपत्र घ्यायचे नाही’ असे वकील संघांचे ठराव सर्वोच्च न्यायालयाने २०१०मध्ये बेकायदा ठरवले. चंद्रपूर-गडचिरोलीत नक्षल खटल्यात अडकलेल्या गरीब आदिवासीला याचे मोल फार. कारवाई करायचीच तर असा बहिष्कार लादणाऱ्यांवर व्हावी, नुसत्या मतांवरून कुणावरही नको. मतांवरून कारवाई झाल्याचे जुने उदाहरण आहेच: राजद्रोहाच्या शिक्षेनंतर लंडनच्या इनर टेंपलने १९२२मध्ये गांधीजींचे नाव पटावरून काढले. ते परत लावायला १९८८ साल उजाडले.