हा चालता तारा कोणाचा?

२ एप्रिल २०२२. गुढीपाडव्याची संध्याकाळ. पावणेआठच्या सुमारास विदर्भातील आणि उत्तर महाराष्ट्रातील अनेकांनी आकाशातून जळत जाणाऱ्या ठिपक्यांची एक रांग पाहिली. त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्याच्या सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी गावात धातूचे एक मोठे कडे येऊन पडले. त्याचा व्यास सुमारे तीन मीटर होता. नंतर आसपासच्या भागात धातूचे पोकळ गोळेही सापडले. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही. पण प्रश्न उभा राहिला : हे आले कोठून, आणि ते कोणाचे?

विद्यार्थी मित्रांनो, आकाशातील अनोळखी वस्तूची ओळख पटवणे हे गुप्तहेराचे काम आहे. त्यासाठी लागणारी साधने मात्र अगदी साधी आहेत : अचूक घड्याळ, ताऱ्यांची ओळख आणि थोडे गणित. हे काम कसे चालते ते आपण तारापूरच्या किनाऱ्यावरून पाहू आणि मग लाडबोरीच्या कड्याकडे वळू.

आधी वगळा, मग ओळखा

पावसाळा संपून आभाळ निवळले, की सूर्यास्तानंतर तासाभराने तारापूर-चिंचणीच्या किनाऱ्यावर उभे राहा. पूर्वेला बोईसरच्या कारखान्यांचा उजेड असतो, दक्षिणेला अणुवीज केंद्राचे दिवे. पश्चिमेला समुद्रावर मात्र चांगला काळोख असतो. थोडा वेळ धीर धरलात, तर एखादा ‘तारा’ इतर ताऱ्यांमधून शांतपणे चालत जाताना दिसेल.

तो तांबडे-हिरवे दिवे उघडझाप करीत असेल, तर ते विमान. क्षणार्धात चमकून विझला, तर ती उल्का. उल्का सेकंदाला ११ ते ७२ किलोमीटर वेगाने वातावरणात शिरतात. पृथ्वीभोवती फिरणारी वस्तू खाली येते ती सेकंदाला सात-आठ किलोमीटर वेगाने. म्हणून तिचे तुकडे मिनिटभर किंवा त्याहूनही अधिक वेळ जळत, एकमेकांमागून रांगेत जाताना दिसतात. विमानही नाही आणि उल्काही नाही असे ठरले, म्हणजे आपला पाहुणा बहुधा कृत्रिम उपग्रह किंवा वापरून झालेल्या अग्निबाणाचा टप्पा असतो. टप्पा गटांगळ्या खात असेल, तर त्याचा प्रकाश ठराविक वेळाने कमीजास्त होतो.

सावलीचे घड्याळ

उपग्रहाला स्वतःचा प्रकाश नसतो. आपल्याकडे रात्र झाली तरी उंचावर त्याच्यावर ऊन पडत असते, म्हणून तो दिसतो. तो पृथ्वीच्या सावलीत शिरला, की आकाशाच्या मध्यावरच नाहीसा होतो. या सावलीवरून त्याच्या उंचीचा अंदाज करता येतो. मार्च महिन्यात तारापूरला सूर्यास्तानंतर सुमारे दीड तासाने ४०० किलोमीटर उंचीवरचा डोक्यावरील उपग्रह सावलीत जातो. सूर्यास्तानंतर तीन तासांनीही एखादा उपग्रह डोक्यावर चमकत असेल, तर त्याची उंची २,००० किलोमीटरहून अधिक असली पाहिजे!

दिशाही बरेच काही सांगते. उत्तर-दक्षिण जाणारा उपग्रह ध्रुवांवरून फिरणारा असतो. पृथ्वीची छायाचित्रे घेणारे भारताचे अनेक उपग्रह याच प्रकारचे आहेत. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाची कक्षा विषुववृत्ताशी ५१.६ अंशांचा कोन करते. तारापूरचा अक्षांश २० अंशांच्या किंचित आत आहे. म्हणून जो उपग्रह बरोबर तारापूरच्या डोक्यावरून जातो, त्याच्या कक्षेचा कोन साधारण २० अंशांपेक्षा कमी असूच शकत नाही. पाहा, एका नजरेत किती कक्षा बाद झाल्या!

एका सेकंदाची किंमत

आता नोंद करू. उपग्रह एखाद्या ओळखीच्या ताऱ्याजवळून, समजा रोहिणी किंवा व्याधाजवळून, जाईल तो क्षण सेकंदापर्यंत टिपा. ताऱ्यापासून तो किती अंशांवर होता तेही लिहा. हात पूर्ण लांब केला, की मूठ सुमारे १० अंश आणि वीत सुमारे २० अंश भरते. ही वीत बरोबर आहे का, हे तारापूरला सहज तपासता येते. तेथे ध्रुवतारा क्षितिजापासून जवळजवळ एक वीत उंच दिसतो, कारण ध्रुवताऱ्याची उंची म्हणजे त्या गावाचा अक्षांश.

सेकंद कशाला, असे तुम्ही विचाराल. ४०० किलोमीटर उंचीवरचा उपग्रह सेकंदाला सुमारे ७.७ किलोमीटर धावतो. डोक्यावर असताना तो एका सेकंदात पूर्ण चंद्राच्या दोन व्यासांइतका सरकतो. वेळ चुकली, की जागा चुकली.

अशा उपग्रहाची एक प्रदक्षिणा सुमारे साडेब्याण्णव मिनिटांत होते. तेवढ्या वेळात पृथ्वी २३ अंश पूर्वेकडे फिरते. म्हणून आता तारापूरच्या डोक्यावरून गेलेला उपग्रह पुढच्या फेरीत सुमारे २,४०० किलोमीटर पश्चिमेला, अरबस्तानच्या वाळवंटावरून जातो. केपलरच्या नियमानुसार प्रदक्षिणेचा काळ कळला, की कक्षेचा आकारही कळतो.

आज दहा सेंटिमीटरहून मोठ्या अशा तीस हजारांहून अधिक वस्तूंच्या कक्षांची नोंद ठेवली जाते. तुमची वेळ, जागा आणि दिशा त्या नोंदींशी ताडून पाहिली, की बहुतेक पाहुण्यांची नावे कळतात. काही गुप्त उपग्रहांच्या कक्षा जाहीर केल्या जात नाहीत. जगभरातील हौशी निरीक्षक आपापल्या नोंदी एकत्र करून त्यांच्याही कक्षा गणिताने काढतात.

शाळकरी मुलांनी शोधलेले तळ

हे काम शाळेतली मुलेही करू शकतात, याचा एक सुंदर दाखला आहे. इंग्लंडमधील केटरिंग येथील शाळेत जेफ्री पेरी हे भौतिकशास्त्राचे शिक्षक होते. ते आणि त्यांचे विद्यार्थी साध्या रेडिओवर सोव्हिएत उपग्रहांचे संदेश ऐकून वेळा टिपत असत. १९६६ मध्ये कॉसमॉस ११२ आणि त्यानंतर कॉसमॉस १२९ या उपग्रहांचे मार्ग नेहमीच्या उड्डाणतळाशी जुळेनात. दोन्ही मार्ग मागे नेले, तेव्हा ते उत्तर रशियातील प्लेसेत्स्कजवळ एकमेकांना छेदत होते. म्हणजे तेथे एक नवा तळ असला पाहिजे! सोव्हिएत संघाने हा तळ जाहीरपणे मान्य केला तो १९८३ मध्ये.

लाडबोरीचे कडे

आता लाडबोरीकडे वळू. २ एप्रिलच्या त्याच संध्याकाळी न्यूझीलंडमधून ‘इलेक्ट्रॉन’ नावाचा अग्निबाण उडाला होता. काही जाणकारांना प्रथम त्याचाच संशय आला. पण इलेक्ट्रॉनचा व्यास अवघा १.२ मीटर. त्यातून तीन मीटरचे कडे कसे निघेल? खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडोवेल यांनी दुसरे नाव सुचवले : फेब्रुवारी २०२१ मध्ये चीनने सोडलेल्या ‘लाँग मार्च ३-बी’ या अग्निबाणाचा तिसरा टप्पा. तो त्याच सुमारास खाली येईल असा अंदाज होता आणि त्याचा मार्गही जुळत होता. शिवाय या टप्प्याचा व्यास तीन मीटर आहे. वेळ, मार्ग आणि माप या तिन्ही साक्षी एकाच दिशेने बोट दाखवीत होत्या.

ओळख पटल्याने काय साधते? १९७२ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार अवकाशातून पडलेल्या वस्तूमुळे जमिनीवर नुकसान झाले, तर ती सोडणारा देश जबाबदार ठरतो. २४ जानेवारी १९७८ रोजी अणुभट्टी असलेला सोव्हिएत उपग्रह कॉसमॉस ९५४ कॅनडात कोसळला आणि किरणोत्सारी तुकडे दूरवर विखुरले. शोध आणि सफाईच्या खर्चापोटी १९८१ मध्ये सोव्हिएत संघाने कॅनडाला ३० लाख कॅनेडियन डॉलर देण्याचे मान्य केले. उपग्रह कोणाचा हे ठाऊक नसते, तर दाद कोणाकडे मागायची? अणुवीज केंद्राशेजारी राहणाऱ्या मुलांना या घटनेचे गांभीर्य वेगळे सांगायला नको.

आणि दोष फक्त परक्यांचाच असतो असेही नाही. जुलै २०२३ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या ग्रीन हेड येथील किनाऱ्याला एक मोठे नळकांडे लागले. ते आपल्या पीएसएलव्ही अग्निबाणाच्या तिसऱ्या टप्प्याचा भाग असल्याचे निष्पन्न झाले. समुद्र आपल्या किनाऱ्यालाही असेच काही आणून टाकू शकतो. अशी वस्तू दिसली, तर तिला हात लावू नका. तिच्या टाक्यांत विषारी इंधनाचा अंश असू शकतो. दूर थांबा आणि पोलिसांना कळवा.

तोवर एक वही घाला. तारीख, वेळ, कोणत्या ताऱ्याजवळून गेला, कोठे दिसेनासा झाला, असे चार रकाने पुरेत. महिनाभर नोंदी ठेवा. अनोळखी वाटणाऱ्या पाहुण्यांपैकी कितीजण परतून येणारे जुनेच सोबती आहेत, हे तुमचे तुम्हालाच कळेल. आणि जो एकही नोंदीशी जुळणार नाही, त्याच्यापासून तुमचे खरे संशोधन सुरू होईल.