लठ्ठपणाचे जनुक आणि पेशींचे वार्धक्य

“आमच्या घराण्यात सारेच जाड, त्याला इलाज नाही,” असे उद्गार जळगाव-धुळ्याकडील लग्नाच्या पंगतीत सहज कानी पडतात. यात तथ्य किती, हे विज्ञानाच्या आधारे पाहू.

आपल्या १६व्या गुणसूत्रावर ‘एफटीओ’ नावाचे जनुक आहे. या जनुकाचा एक विशिष्ट प्रकार आई-वडील दोघांकडून मिळालेल्यांचे वजन, तो मुळीच न मिळालेल्यांपेक्षा सरासरी ३ किलोने अधिक असते, असे २००७ साली युरोपीय लोकांच्या पाहणीत आढळले. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक, हैदराबादचे डॉ. गिरिराज चांडक व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात भारतीयांमध्ये या प्रकाराचा मधुमेहाशी संबंध दिसला. आणि तो केवळ वजनामुळे नव्हता. म्हणजे सडपातळ माणसानेही निर्धास्त राहू नये.

आता वार्धक्याकडे वळू. गुणसूत्राच्या टोकांना ‘टेलोमिअर’ ही संरक्षक टोपी असते. पेशीचे विभाजन होते तसतशी ती आखूड होत जाते. अखेर विभाजन थांबते. अशी वृद्ध पेशी मरत नाही, तर दाह वाढविणारी द्रव्ये सोडत राहते. लठ्ठपणात चरबीमध्ये अशा पेशी अधिक साचतात. हा झाला एक दुवा.

दुसरा दुवा मात्र उलटा आहे. एफटीओ जनुकापासून बनणारे प्रथिन काही मानवी मूलपेशींतून काढून टाकले असता त्या पेशी लवकर वृद्ध झाल्या, असे २०२२ साली प्रयोगशाळेत दिसून आले. मग हे जनुक वैरी की मित्र? २०१५ च्या संशोधनानुसार वजन वाढविणारा तो फरक चरबीच्या पेशींत शेजारच्या दोन जनुकांमार्फत काम करतो. तेव्हा एफटीओचे प्रथिन आणि तो फरक, या दोन गोष्टी एक मानू नयेत. तो फरक असलेला माणूस लवकर म्हातारा होतो, असा निष्कर्ष यावरून निघत नाही.

मग वारसा म्हणजे नशीब काय? नाही! २ लाखांहून अधिक प्रौढांच्या माहितीवरून २०११ साली असे दिसले की, शरीरश्रम करणाऱ्यांमध्ये या जनुकाचा लठ्ठपणावरील प्रभाव सुमारे पाव हिश्शाने कमी असतो. मेहरूण तलावाकाठी वा पांझरेच्या काठाने रोज पायी फिरायला पैसा लागत नाही. विद्यार्थी मित्रहो, जनुक आपण निवडीत नाही. पण त्याला किती वाव द्यायचा, हे काही अंशी आपल्याच हाती आहे.