विश्लेषण : १३ वर्षांच्या मुलालाही १९८९चा 'टेट्रिस' का खुणावतो?

चाळिशीतल्या माणसाला लहानपणीचा 'कॉन्ट्रा' आठवावा, यात नवल नाही. पण जे गेम आपल्या जन्माआधीच दुकानांतून नाहीसे झाले, त्यांच्यापायी आज शाळकरी मुलेही तासन्‌तास घालवत आहेत. पंचविशीतल्यांचा 'जुना गेम' वेगळा, पंधरा वर्षांच्या मुलांचा आणखी वेगळा. ही ओढ नेमकी कशाची आहे आणि हे गेम पुढेही खेळायला मिळणार आहेत का?

निमित्त कोणते?

अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यातल्या विलिस गिब्सन या १३ वर्षांच्या मुलाने २१ डिसेंबर २०२३ रोजी 'टेट्रिस'ला हरवले. सुमारे ३८ मिनिटे खेळून तो १५७व्या पातळीवर पोहोचला आणि पडद्यावरचे ठोकळे थिजले. गेमच्या प्रोग्रॅमलाच पुढचा हिशेब झेपेना. निन्टेन्डोच्या कन्सोलसाठी हा गेम १९८९ मध्ये आला होता. इतक्या वर्षांत कोणत्याही माणसाला तो इथवर नेता आला नव्हता.

कारण साधे होते. २९व्या पातळीपासून ठोकळे इतक्या वेगाने पडतात, की बटण दाबून धरले तरी ते कडेपर्यंत पोहोचत नाहीत. गेम इथेच संपतो असे सगळे धरून चालले होते. २०११ मध्ये थॉर ॲकरलुंड याने अंगठा थरथरवत बटण दाबण्याच्या पद्धतीने ३०वी पातळी गाठली आणि तो समज मोडला. पुढे नव्या पोरांनी आणखी एक युक्ती काढली. एका हाताचे बोट बटणावर हलकेच टेकवायचे आणि दुसऱ्या हाताची बोटे रिमोटच्या पाठीवर एकामागून एक आपटायची, तबल्यावर बोटे पडावीत तशी. गिब्सन याच पद्धतीने खेळतो.

'टेट्रिस'ची जुन्या कन्सोलवरची जागतिक स्पर्धा २०१० पासून भरते. तिचे सात वेळचे विजेते जोनस न्यूबाउर हा गेम लहानपणापासून खेळत आले होते. २०१८ च्या अंतिम फेरीत त्यांना १६ वर्षांच्या जोसेफ सेलीने हरवले. २०२० मध्ये विजेता ठरलेला मायकेल आर्टियागा तर १३ वर्षांचाच होता. या मुलांना 'टेट्रिस'विषयी हळहळ वाटण्याचा प्रश्नच येत नाही. त्यांच्यासाठी तो बुद्धिबळासारखा आहे. नियम कधीचे ठरलेले आहेत, कौशल्याला मात्र तळ नाही. म्हणजे एकाच गेमवर दोन पिढ्यांचे प्रेम असले तरी ते एकाच जातीचे नाही, हे आधी लक्षात घ्यायला हवे.

आपल्याकडे कुणाच्या आठवणीत काय?

जपानमध्ये निन्टेन्डोचा फॅमिकॉम कन्सोल जुलै १९८३ मध्ये आला आणि १९८५ मध्ये 'सुपर मारिओ ब्रदर्स'. भारतातल्या नव्वदीच्या दशकातील मुलांनी मारिओ पाहिला तो बहुतेकदा निन्टेन्डोचे नावही नसलेल्या यंत्रावर. फॅमिकॉममधल्या चिप तैवानमधील उत्पादकांनी नकलल्या, पुढे अख्खा कन्सोल एकाच चिपमध्ये बसवला आणि त्यातून जगभर स्वस्त यंत्रांचा पूर आला. सामुराई, मीडिया, मायक्रो जीनियस अशा नावांनी ती आपल्याकडे विकली गेली. घरात मात्र त्याला कुणी कन्सोल म्हणत नसे. तो 'टीव्ही गेम' किंवा नुसताच 'व्हिडीओ गेम', आणि त्यात घालायची ती 'कॅसेट'. कॅसेटवर '९९९९९९ इन १' असे छापलेले असे. यादी उतरत गेले की तेच दहा-पंधरा गेम नाव बदलून पुन्हा समोर येत. तरी दरवेळी शेवटपर्यंत यादी पाहिली जायचीच! मे महिन्याच्या सुट्टीत ही यंत्रे दिवसाच्या भाड्याने मिळत आणि घरातल्या एकुलत्या एका टीव्हीवरून आजोबांच्या बातम्या विरुद्ध नातवंडांचा 'कॉन्ट्रा' असा सामना रंगे.

त्याच सुमारास गल्लीतल्या व्हिडीओ गेम पार्लरमध्ये कॅपकॉम कंपनीचा १९९३चा 'कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स' होता. हे नाव आजही अनेकांना ओळखीचे वाटणार नाही, कारण आपल्याकडे त्याला सगळे 'मुस्तफा' म्हणत. त्यातल्या चार पात्रांपैकी एकाचे हे नाव. काही वर्षांनी घरात किंवा क्लासमध्ये संगणक आला, त्याबरोबर 'डेव्ह' आणि 'प्रिन्स ऑफ पर्शिया' आले. मग सायबर कॅफेत 'रोड रॅश', 'आयजीआय', 'व्हाइस सिटी'. ज्यांच्या घरी संगणक नव्हता, त्यांच्या वाट्याला वडिलांच्या नोकियावरचा साप आला. तानेली आर्मान्टो या अभियंत्याने तो १९९७च्या नोकिया ६११० साठी लिहिला होता. त्यानंतरच्या मुलांसाठी २००६ मध्ये आलेला 'क्रिकेट ०७' हाच जुना गेम. आता विशीच्या आसपास असलेल्यांना विचारले तर ते 'पबजी' म्हणतील, आणि त्यांच्या आवाजातही तोच हळवेपणा असेल. फरक एवढाच की त्यांची आठवण जेमतेम पाच-सहा वर्षांपूर्वीची, टाळेबंदीच्या रात्रींची आहे.

हळहळ कशाची, गेमची की वयाची?

'नॉस्टॅल्जिया' हा शब्द १६८८ मध्ये योहानेस होफर या स्विस वैद्यकाने घडवला, तो एका आजाराचे नाव म्हणून. घरापासून दूर राहणाऱ्यांना घराच्या ओढीने येणारे दुखणे, असा त्याचा अर्थ होता. आजचे मानसशास्त्र याला आजार मानत नाही. स्मृतीच्या अभ्यासकांना एक गोष्ट मात्र वारंवार आढळली आहे. उतारवयातील माणसाला आयुष्यातले प्रसंग आठवायला सांगितले, तर साधारण दहाव्या ते तिसाव्या वर्षांतले प्रसंग प्रमाणाबाहेर जास्त आठवतात. त्या वयात ऐकलेले गाणे, पाहिलेला सिनेमा, खेळलेला गेम जन्मभर चिकटतो तो यामुळे.

अशा आठवणींत बहुधा माणसे असतात, हेही अभ्यासांत दिसते. मारिओच्या गोष्टी ऐकताना हे सहज ताडता येते. सांगणारा उड्यांबद्दल थोडे आणि दुसरा रिमोट कुणाकडे असायचा याबद्दल जास्त सांगतो. यंत्र एक, टीव्ही एक, मुले पाच. 'मेलास, आता माझा नंबर' या वाक्याशिवाय तो गेम पूर्ण होत नव्हता.

पण एवढ्यावर सारे सोडून द्यायचे, तर त्या गेमवर अन्याय होईल. 'सुपर मारिओ ब्रदर्स'चा अख्खा गेम ४० किलोबाइटमध्ये बसतो. आज मोबाइलवर काढलेला एक फोटोसुद्धा याच्या कितीतरी पट जागा घेतो. जागा वाचवण्यासाठी त्यातले ढग आणि झुडपे एकाच चित्राची आहेत, केवळ रंग बदललेला. इतक्या काटकसरीत शिगेरू मियामोतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिल्याच पडद्यावर, एक शब्दही न लिहिता, कशावरून उडी मारायची आणि कशावर डोके आपटायचे हे शिकवले. बटण दाबले की गेम सुरू होतो. डाऊनलोड नाही, खाते उघडणे नाही, 'आणखी नाणी विकत घ्या' नाही. पंधरा वर्षांच्या मुलाला जुन्या गेमचे अप्रूप वाटते, त्यात या साधेपणाचा वाटा मोठा असावा. शिवाय 'माइनक्राफ्ट', 'अंडरटेल', 'स्टारड्यू व्हॅली' खेळत वाढलेल्यांना ठोकळ्यांचे चित्र जुनाट दिसतच नाही. ती त्यांच्या ओळखीची एक चित्रशैली आहे.

मग तोच गेम आज मोबाइलवर फिका का वाटतो?

याची कारणे बरीचशी तांत्रिक आहेत. ते गेम काचेच्या फुगीर पडद्याच्या टीव्हीसाठी काढलेले होते. त्या पडद्यावर शेजारचे ठिपके एकमेकांत किंचित मिसळत, कडा मऊ होत. चित्रकार हे गृहीत धरूनच काम करत. तेच चित्र आजच्या सपाट पडद्यावर टोकदार चौकोनांचे दिसते. बटण दाबणे आणि पात्र हलणे यांत आजच्या टीव्हीवर पडणारा किंचित विलंबही जुन्या खेळाडूच्या बोटांना लगेच जाणवतो.

'डक हंट'ची बंदूक तर नव्या टीव्हीवर चालतच नाही. बंदुकीतून टीव्हीकडे काहीच जात नसे, उलट टीव्हीचा उजेड बंदुकीत येई. चाप ओढला की क्षणभर पडदा काळा होई, पुढच्याच क्षणी बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटे आणि नळीतल्या सेन्सरला तो दिसला तर नेम बरोबर. हे सगळे डोळ्याचे पाते लवण्याआधी घडे. जुन्या पडद्याच्या वेळापत्रकाशी जुळवलेल्या या यंत्रणेला सपाट पडद्यावर उशिराने उमटणारा चौकोन सापडत नाही. अडगळीतून बंदूक काढून मुलाला दाखवू पाहणाऱ्या बापाची फजिती होते ती यामुळे; बंदूक शाबूत असते.

आणि कॅसेटमध्ये फुंकर मारणे? ते जगभरच्या मुलांनी कुणी न शिकवता केले. निन्टेन्डोने मात्र फुंकू नका असेच सांगितले होते, कारण श्वासातल्या ओलाव्याने धातूच्या पट्ट्या गंजतात. कॅसेट काढून पुन्हा बसवल्याने संपर्क नीट जुळे, श्रेय फुंकरीला जाई.

कंपन्यांना यात काय मिळते?

पैसा. निन्टेन्डोने नोव्हेंबर २०१६ मध्ये ३० जुने गेम भरलेला छोटा कन्सोल आणला आणि काही महिन्यांतच त्याचे २३ लाख नग खपले. सोनीने २०१८ मध्ये तसाच 'प्लेस्टेशन क्लासिक' आणला, पण तो फसला आणि लवकरच त्याची किंमत उतरवावी लागली. जुने नाव छापले की काहीही विकले जाते, असे दिसत नाही. सर्वांत बोलके उदाहरण 'फोर्टनाइट'चे. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्यात पहिला, म्हणजे जेमतेम पाच-सहा वर्षांपूर्वीचा नकाशा परत आणला गेला आणि एका दिवसात ४ कोटी ४७ लाख खेळाडू आले, असे कंपनीने जाहीर केले.

जुने गेम आज कायदेशीरपणे मिळतात का?

बहुतेक मिळत नाहीत, आणि खरी अडचण ही आहे. अमेरिकेतील 'व्हिडीओ गेम हिस्टरी फाऊंडेशन'ने जुलै २०२३ मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली. २०१० पूर्वी अमेरिकेत आलेल्या गेमपैकी ८७ टक्के आज कुठेही विकत मिळत नाहीत, असे तीत आढळले. हवे असतील तर जुन्या बाजारात चढ्या भावाने मूळ प्रत शोधायची, नाहीतर इंटरनेटवरून नक्कल उतरवायची. दुसरा मार्ग बेकायदा. अभ्यासकांना ग्रंथालयातील जुने गेम घरबसल्या वापरू द्यावेत, ही मागणी अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये फेटाळली. भारतात संगणक प्रोग्रॅम ही कायद्याने साहित्यकृती ठरते आणि साहित्यकृतीचे संरक्षण लेखकाच्या मृत्यूनंतरही ६० वर्षे चालते. तोवर कॅसेट टिकणार नाही.

'क्रिकेट ०७' पाहा. कंपनीने क्रिकेटचे गेम काढणे कधीच थांबवले. तरी आयपीएलचे नवे संघ, नव्या जर्सी, नवे खेळाडू चाहते स्वतः त्यात घालत आले आहेत. एक गेम इतकी वर्षे फुकट राबून जिवंत ठेवणाऱ्यांकडे कंपनीने दुर्लक्ष केले, एवढेच काय ते त्यांचे संरक्षण. कधीकधी निव्वळ नशीबही कामी येते. 'प्रिन्स ऑफ पर्शिया'चा मूळ कोड हरवला असे जॉर्डन मेकनर यांनी धरून टाकले होते. २०१२ मध्ये त्यांच्या वडिलांना घरात एका खोक्यात जुन्या फ्लॉपी सापडल्या. त्यातला कोड अजून वाचता येत होता, तो मेकनर यांनी सर्वांसाठी खुला केला.

आपल्याकडच्या नकली कन्सोलांचे तर असे खोकेही कुणी जपलेले दिसत नाही. लाखो मुलांचे बालपण ज्या यंत्रांवर गेले ती भंगारात गेली.

आजच्या मुलांनी वीस वर्षांनी काय खेळायचे?

हा प्रश्न जास्त अवघड आहे. कॅसेट हातात असली आणि यंत्र असले की मारिओ आजही चालतो. 'पबजी मोबाइल'चे तसे नाही. सप्टेंबर २०२० मध्ये भारताने त्यावर बंदी घातली आणि ३० ऑक्टोबरला कंपनीने भारतातील सेवा थांबवली. मोबाइलमध्ये गेम होता, खेळता येत नव्हता. पुढे २०२१ मध्ये तो 'बीजीएमआय' या नावाने आला, जुलै २०२२ मध्ये ॲप स्टोअरवरून हटवला गेला आणि मे २०२३ मध्ये परतला.

युबिसॉफ्टने 'द क्रू' या मोटार शर्यतीच्या गेमचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ रोजी बंद केले. या गेमला इंटरनेट सतत लागे, त्यामुळे पैसे मोजून डिस्क घेतलेल्यांचाही गेम बंद पडला. त्यातून युरोपात 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम उभी राहिली. विकलेला गेम कंपनीने मागाहून निकामी करू नये, या मागणीवर २०२५ मध्ये दहा लाखांहून अधिक सह्या जमल्या. कॅलिफोर्नियात तर जानेवारी २०२५ पासून कायदाच लागू आहे. ग्राहकाला केवळ वापराचा परवाना मिळत असेल, तर ऑनलाइन दुकानाने ते स्पष्ट न सांगता 'विकत घ्या' असे बटण ठेवता येत नाही. 'द क्रू'ची डिस्क अनेकांच्या कपाटात अजून आहे. ती यंत्रात घातली तर सर्व्हरशी संपर्क होत नसल्याचा संदेश येतो.