उघडी चौकट

रात्रीं दारावर खट् असा आवाज होतो. ‘चोर आला’ असें मनांत येतांच छाती धडधडूं लागते. ‘मांजर असेल’ असें वाटलें तर आपण कूस बदलून पुन्हा झोपीं जातों. आवाज एकच, वर्तन मात्र भिन्न. असें कां व्हावें?

केवळ बाह्य उद्दीपन आणि त्यावरील प्रतिक्रिया पाहणाऱ्या वर्तनवादास याचें पुरेसें उत्तर देतां आलें नाहीं. त्या दोहोंमध्यें मन अर्थ लावीत असतें, असें बोधनिक मानसशास्त्र सांगतें. उल्रिक नाइसर यांच्या १९६७ सालच्या ग्रंथानें या शाखेचें नांव रूढ केलें.

श्रोतेहो, अहिल्यानगर जिल्ह्यांतील शनिशिंगणापूरचेंच उदाहरण घ्या. चोरास शनिदेव शासन करतो, या श्रद्धेमुळें तेथें घरांच्या चौकटींना दारें न लावण्याची परंपरा आहे. २०११ सालीं तेथें उघडलेली युको बँकेची शाखाही ‘बिनकुलुपाची’ म्हणून गाजली. उघडी चौकट आपणांस भिववील; श्रद्धावंतास ती निर्धास्त वाटते. चौकट तीच, अर्थ निराळा.

हा अर्थ सहजीं पालटत नाहीं. माणूस आपल्या समजुतीस पुष्टि देणारा पुरावाच शोधीत राहतो, हें पीटर वेसन यांनीं १९६० सालीं प्रयोगानें दाखविलें. भयाचेंही तसेंच. म्हणूनच आरन बेक यांच्या उपचारपद्धतींत चिंताग्रस्तास स्वतःचा विचार पुराव्यावर पारखून पाहण्यास शिकवितात.

आपल्या घरांत कुणी भीतीनें रात्र जागून काढीत असेल, तर ‘भिऊं नकोस’ म्हणण्यापूर्वीं विचारा, ‘तुझ्या मनांत काय आलें?’