‘ब्रेक निकामी झाले’

पुण्याच्या दक्षिणेस नव्या कात्रज बोगद्यातून बाहेर पडणारा महामार्ग नवले पुलापर्यंत सलग उतरत येतो. १३ नोव्हेंबर २०२५ रोजी या उतारावर ताबा सुटलेल्या कंटेनरने अनेक वाहनांना धडक दिली. एक मोटार दोन अवजड वाहनांमध्ये चिरडून आगीत सापडली. आठ माणसे प्राणांस मुकली. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्रीही याच परिसरात एका अवजड वाहनाने मोटारींची अशीच रांग चेंगरली होती. दोन्ही वेळा प्रथम कानी आले ते एकच वाक्य : ब्रेक निकामी झाले.

व्याकरणदृष्ट्या हे वाक्य मोठे सोयीचे. त्यात निकामी करणारा कोणी नाही! वस्तुतः भरलेली मालमोटार खालच्या गिअरमध्ये उतरविली, तर इंजिनच तिला मागे खेचून धरते. ती न्यूट्रलमध्ये सोडली, की चाळीस टनांचा भार एकट्या ब्रेकवर पडतो. ते तापत जातात आणि ऐन तळाशी त्यांची पकड सुटते. इंजिनही बंद केले, तर ब्रेकला हवा पुरविणारा काँप्रेसरच थांबतो. २०२२ च्या अपघातात चालकाने उतारावर इंजिन बंद केल्याचेच पोलिसांच्या प्राथमिक तपासात पुढे आले होते. हा खटाटोप थोड्याशा डिझेलसाठी. चालक दोषी खराच. पण डिझेल मोजून देणारा आणि ब्रेकची दुरुस्ती पुढे ढकलणारा मालक त्या वेळी गाडीत नसतो, एवढेच.

उताराच्या तळाशी नऱ्हे, धायरी, वडगावची वस्ती आहे. शहराला वळसा घालण्यासाठी बांधलेला हा रस्ता आता शहराचाच झाला असून कचेरीस निघालेले दुचाकीस्वार आणि दूरदेशीचे कंटेनर त्यावरून शेजारी शेजारी धावतात. मोटार चालविणारे आमचे सुशिक्षित बांधवही मालमोटारीपुढे राखलेले अंतर मोकळी जागा समजून तीत घुसतात, हेही सांगितले पाहिजे.

वेगमर्यादेच्या पाट्या लागल्या, कॅमेरे बसले. ज्याचे ब्रेकच गेले, त्याला पाटी काय थांबविणार? प्रत्येक अवजड वाहन बोगद्याअलीकडे थांबवून त्याचे ब्रेक व भार तपासावेत, ते स्वतंत्र मार्गिकेतून खालच्या गिअरमध्येच सोडावे, आणि सुटलेले वाहन शिरून रुतेल असा खडीचा चढता फाटा उतारावर बांधावा. अपघाताच्या प्रत्येक तपासात गाडी कोणत्या गिअरमध्ये होती, ब्रेक शेवटचे केव्हा तपासले आणि चालक किती तास जागा होता, यांची उत्तरे मालकाच्या सहीनिशी घेतली जावीत, अशी आमची मागणी आहे.