गावकुसाबाहेरची वस्ती, आता आपल्याच पैशाने?

एस.टी.तून वाहक म्हणून निवृत्त झालेले एक धम्मबांधव मध्यंतरी आमच्याकडे आले. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत कागद. तुळजापूर शहराबाहेर नव्याने पाडलेल्या प्लॉटिंगमध्ये त्यांनी दोन गुंठे जागा घेतली होती. ग्रॅच्युइटीची जवळपास सगळी रक्कम त्यात गेली होती. कागद टेबलावर ठेवताना त्यांनी सर्वात वर ठेवले ते रंगीत माहितीपत्रक. चाळीस फुटी डांबरी रस्ते, चोवीस तास पाणी, पथदिवे, बगीचा, आणि रेल्वे स्टेशन पाच मिनिटांवर! प्रत्यक्षात दोन वर्षांनंतर तिथे होते चुना मारलेले हद्दीचे दगड आणि पहिल्याच पावसात वाहून गेलेला मुरूम. घर बांधून राहायला गेलेली दोन कुटुंबे टँकर विकत घेत होती. "वकीलसाहेब, एवढेच सांगा, प्लॉट माझाच आहे ना?" त्यांनी विचारले.

आम्ही कागद पाहिले. एक इसार पावती, एक नोटरी केलेले साठेखत आणि ते माहितीपत्रक. मंजूर रेखांकनाचा क्रमांक कुठेच नव्हता. नोंदणीकृत खरेदीखत नव्हते. म्हणजे कायद्याच्या भाषेत प्लॉट अजून त्यांचा झालाच नव्हता. आणि उद्या खरेदीखत झाले तरी तिथे नळ येईल, गटार येईल, दिवा लागेल याची हमी कुणीच, कुठेही लिहून दिलेली नव्हती.

चळवळीच्या दैनिकात प्लॉटच्या गोष्टी कशाला, असे कुणी विचारील. आमचे म्हणणे असे की हा विषय चळवळीचाच आहे. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. सार्वजनिक पाण्यावर आपला हक्क आहे हे आपण तेथे जगाला सांगितले. 4 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी गावखेड्याच्या गोडव्यांवर कठोर टीका केली, कारण गावाने आपल्याला वेशीबाहेर, पाणवठ्यापासून दूर ठेवले होते. त्यांच्या सांगण्यावरून आपल्या आजोबा-पणजोबांनी गाव सोडले, शहर गाठले, मुलांना शिकवले. आज त्यांची नातवंडे शिक्षक आहेत, तलाठी आहेत, परिचारिका आहेत. घराण्यातले पहिले स्वतःच्या मालकीचे घर ही पिढी बांधते आहे. ते घर पुन्हा शहराच्या वेशीबाहेर, नळ-गटार-दिव्याविना उभे राहणार असेल तर बदलले काय? पूर्वी गावाने आपल्याला फुकट बाहेर ठेवले, आता आपण लाखो रुपये मोजून बाहेर राहायला जातो आहोत!

तुळजापूरचे चित्र डोळ्यासमोर आणा. बालाघाटाच्या डोंगरावरचे हे गाव धुळे-सोलापूर राष्ट्रीय महामार्गावर आहे. सोलापूर-तुळजापूर-धाराशिव रेल्वेमार्गाचे काम हाती घेतलेले आहे. मे 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने तुळजाभवानी मंदिर परिसराच्या 1865 कोटी रुपयांच्या विकास आराखड्याला मान्यता दिली. साहजिकच जमिनीला भाव आला आणि रस्त्यारस्त्याने प्लॉटिंगचे फलक लागले. विक्रेता हे सगळे आपल्या माहितीपत्रकात घालतो. पण बांधवांनो, मंदिराचा आराखडा भाविकांच्या सोयीसाठी आहे. तुमच्या प्लॉटपर्यंत येणारी जलवाहिनी त्यात नाही. रेल्वे येईल तेव्हा येईल, तोवर तुमची सून घागर घेऊन कुठे जाणार? माहितीपत्रकात 'नियोजित' आणि 'प्रस्तावित' हे शब्द जिथे जिथे आहेत, तिथे लाल शाईने खूण करा. त्या वस्तू तुम्ही विकत घेत नाही. तुम्हाला फक्त त्यांची किंमत लावली जाते.

मग विश्वास कशावर ठेवायचा? उत्तर एकच. मंजूर रेखांकनावर. शेतजमिनीचे प्लॉट पाडायचे तर महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम 1966 नुसार परवानगी लागते. डिसेंबर 2020 पासून राज्याच्या बहुतेक भागाला एकच विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. तिच्यानुसार 4000 चौरस मीटर व त्याहून मोठ्या रेखांकनात 10 टक्के जागा मोकळी ठेवावी लागते आणि आतले रस्ते साधारणपणे 9 मीटरहून अरुंद नसतात. रेखांकन आधी तात्पुरते मंजूर होते. मोजणी झाली, रस्ते, गटारे, पाणी, वीज यांची कामे झाली की अंतिम मंजुरी मिळते. म्हणून विक्रेत्याला पहिला प्रश्न हा विचारा: मंजुरी तात्पुरती की अंतिम? तात्पुरती असेल तर सोयी अजून कागदावर आहेत असे समजा. मंजुरीच नसेल तर चहा पिऊन परत या.

येथे तीन फसव्या गोष्टींपासून सावध राहिले पाहिजे. पहिली, ग्रामपंचायतीचा नमुना नंबर 8. "आठला नोंद करून देतो" असे विक्रेता सांगतो. ती नोंद कर वसुलीसाठी असते. तिने मालकी सिद्ध होत नाही आणि बांधकामाची परवानगीही मिळत नाही. दुसरी, सामाईक खरेदी. दहा जणांची नावे एका सातबाऱ्यावर चढवायची आणि प्लॉट तोंडी वाटून द्यायचे. अशा ठिकाणी रस्ता कुणाच्या हिश्श्यातून जातो हेच ठरलेले नसते आणि पहिल्या भांडणात तो बंद होतो. तिसरी, "नंतर नियमित होते" ही थाप. शासनाने 2025 साली तुकडेबंदी कायद्यात दुरुस्ती करून निवासी भागातील गुंठ्यांचे जुने व्यवहार नियमित करण्याची वाट मोकळी केली हे खरे. पण त्याने सातबाऱ्याला नाव लागेल, घराला नळ लागणार नाही. 2001 चा गुंठेवारी कायदा पाहा. 2021 मध्ये त्याची मुदत वाढवून 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या गुंठेवारीला तो लागू केला गेला. त्या कायद्याखाली वस्ती नियमित करताना रस्ते-गटारांसाठीचा विकास आकार प्लॉटधारकाकडूनच घेतला जातो. म्हणजे विक्रेत्याने न केलेल्या कामाचे पैसे दुसऱ्यांदा तुम्ही भरायचे. स्वस्त प्लॉट महाग पडतो तो असा.

आणखी एक गोष्ट आपल्या समाजाने विशेष ध्यानात घ्यावी. रमाई आवास योजनेत अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबाला शहरी भागात घरासाठी अडीच लाख रुपयांचे अनुदान आहे. पण त्यासाठी स्वतःच्या जागेचा पक्का कागद लागतो. नोटरीच्या कागदावर अनुदान मिळत नाही आणि राष्ट्रीयीकृत बँक कर्जही देत नाही. जुन्या वस्तीत निदान वस्ती सुधार योजनेतून रस्ता, गटार, समाजमंदिर येते. विक्रेत्याने नगर परिषदेकडे रस्तेच सोपवले नाहीत अशा खासगी प्लॉटिंगमध्ये तो निधी सहजासहजी जात नाही. नगरसेवकाकडे गेलात तर तो म्हणतो, "ते खासगी आहे." विक्रेत्याकडे गेलात तर तो म्हणतो, "नगर परिषदेला विचारा." मधल्या मध्ये तुमची हयात जाते.

कागदाइतकीच महत्त्वाची आहे ती जागेवरची पाहणी. आपला मुलूख दुष्काळी. 2016 साली शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे विसरू नका. म्हणून प्लॉट वैशाखात पाहायला जा. बोअर आहे असे सांगितले तर ती किती फूट आहे आणि मे महिन्यात किती वेळ चालते हे विक्रेत्याला नव्हे, शेजारच्या शेतकऱ्याला विचारा. जवळच्या वस्तीत एखाद्या बाईला विचारा, नळ किती दिवसांनी येतो? नवरात्रात भाविकांची गर्दी होते तेव्हा किती दिवसांनी येतो? नगर परिषदेची जलवाहिनी प्लॉटपासून किती अंतरावर आहे, तिथून नळजोडणी मिळेल असे लेखी आहे काय? एकदा पावसात जा. काळ्या मातीत रिक्षा आत येते काय, रुग्णवाहिका येईल काय? पाणी वाहून कुठे जाते, की शेवटच्या चार प्लॉटमध्ये साचते? विजेची डीपी कुठे आहे, खांब कुणाच्या खर्चाने उभे राहणार? एकदा अंधार पडल्यावर जा. शिकवणीहून परतणारी आपली मुलगी त्या रस्त्याने एकटी येऊ शकेल काय? शिक्षण हक्काच्या नियमांनुसार पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि आठवीपर्यंतची तीन किलोमीटरच्या आत असली पाहिजे. ती तशी आहे काय हे पायी चालून पाहा.

रेखांकनातील मोकळ्या जागेबद्दलही स्पष्ट बोलले पाहिजे. नकाशात बगीचा आणि मैदान म्हणून दाखवलेल्या जागेवर विक्री सुरू होण्याआधीच एखादे मंदिर उठवले जाते. मंदिर पाहून गिऱ्हाईक येते हा त्यामागचा हिशेब. ती जागा सर्व प्लॉटधारकांची आहे, त्यात आपलाही वाटा आहे. सार्वजनिक जागेवर नवी अनधिकृत धार्मिक बांधकामे होऊ देऊ नयेत असा सर्वोच्च न्यायालयाचा 2009 चा आदेश आहे. मात्र आपण प्रामाणिक असले पाहिजे. हा नियम विहारालाही लागू आहे. विहार हवा, अभ्यासिका हवी, तर रेखांकनात त्यासाठी रीतसर जागा मागा. मैदान मुलांसाठी राहू द्या.

फसवणूक झालीच तर कायदा दुबळा नाही. 1 मे 2017 पासून रेरा कायदा पूर्णपणे लागू आहे आणि तो केवळ फ्लॅटसाठी नाही. नियोजन क्षेत्रात 500 चौरस मीटरहून, म्हणजे जवळपास पाच गुंठ्यांहून, मोठ्या जागेवर प्लॉट पाडून विकायचे तर महारेराकडे नोंदणी करावी लागते आणि नोंदणी क्रमांक जाहिरातीत छापावा लागतो. नोंदणीकृत करारनामा केल्याशिवाय 10 टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. खोट्या जाहिरातीवर विसंबून पैसे दिले असतील तर व्याजासह परत मागता येतात. म्हणून माहितीपत्रक कधीही फेकू नका, तो पुरावा आहे. प्रत्येक सोय आणि ती मिळण्याची तारीख करारनाम्याच्या परिशिष्टात लिहून घ्या.

दुसरा मार्ग ग्राहक आयोगाचा. विकसित करून देतो असे सांगून प्लॉट विकणे ही 'सेवा' आहे आणि तिच्यातील त्रुटीबद्दल ग्राहक म्हणून दाद मागता येते, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये नारणे कन्स्ट्रक्शन प्रकरणात दिला. 2022 मध्ये मुंबईच्या समृद्धी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणातही रहिवाशांच्या बाजूने निकाल लागला. विकासकाने भोगवटा प्रमाणपत्र न मिळवल्यामुळे त्या रहिवाशांना मालमत्ता कर 25 टक्के आणि पाणीपट्टी 50 टक्के जादा भरावी लागत होती. ही त्रुटी चालू राहणारी आहे असे न्यायालयाने मानले. तरीही तुम्ही थांबू नका. तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारात जिल्हा आयोगात शुल्कही लागत नाही.

पण कोर्टाची पायरी चढण्यापेक्षा इसार देण्याआधी नगर परिषदेची पायरी चढणे केव्हाही चांगले. माहिती अधिकारात दहा रुपयांत अर्ज होतो. मंजूर रेखांकनाची प्रमाणित प्रत, अंतिम मंजुरीचा आदेश आणि जलवाहिनीची स्थिती एवढे मागा. तीस दिवस थांबा. "आजच इसार द्या, उद्या भाव वाढेल" असे जो म्हणतो, त्याला तेवढेच तीस दिवस नको असतात.

हे काम एकेकट्याने होत नाही. प्रत्येक विहार समितीने रविवारच्या वंदनेनंतर एक तास यासाठी ठेवावा. परिसरात कोणती प्लॉटिंग मंजूर, कोणती नाही, याची यादी विहाराच्या फळ्यावर लावावी. समाजातील वकील, अभियंते, महसुलातील निवृत्त कर्मचारी यांनी आळीपाळीने बसून कागद तपासून द्यावेत. चार कुटुंबांनी मिळून जागा पाहिली तर विक्रेत्याला लेखी द्यावेच लागते. संघटित व्हा हा आदेश केवळ मोर्चासाठी नव्हता.

त्या वाहक बंधूंचे पुढे काय झाले, असे विचाराल. आमच्या नोटिशीनंतर विक्रेत्याने काही रक्कम परत केली. उरलेल्या रकमेसाठी लढाई चालू आहे. परवा ते आले होते. या वेळी बरोबर दोन तरुण शिक्षक होते आणि त्यांच्या हातात दुसऱ्या एका प्लॉटिंगचे माहितीपत्रक होते. "साहेब, यांनी अजून इसार दिलेला नाही. आधी तपासून द्या," ते म्हणाले.

चवदार तळ्यावर जाताना आपल्या माणसांनी पाण्याचा हक्क जीव धोक्यात घालून मागितला. आपल्याला तर फक्त एक प्रश्न विचारायचा आहे. तो सही करण्याआधी विचारा: येथे पाणी कुठून येणार, आणि ते लिहून कोण देणार?

जयभीम!